बाबूजी बसले का?

आमच्या कारखान्यात चटई पास करायची एकच रीत होती. नव्या रंगाची पहिली चटई लूमवरून उतरली की ती शेडच्या दारात अंथरायची. मग बाबूजी, म्हणजे आमचे मालक, चपला काढून तिच्यावर मांडी घालून बसायचे. चहा यायचा. तो बशीत ओतून, फुंकर घालत ते सावकाश प्यायचे. चहा संपेपर्यंत हलले नाहीत तर माल पास. मध्येच उठले तर नापास. विणलेली प्लास्टिकची नळी टोचतेय, किनार वळतेय, वास मारतोय, जे असेल ते उठता उठता सांगायचे. रंग सुटत असेल तर तोंडानं काहीच बोलायचे नाहीत, नुसती पाठ वळवून धोतर दाखवायचे. लाल चटईच्या वेळी एकदा सगळ्या शेडनं ते धोतर बघितलं आणि हसायची कुणाची छाती झाली नाही.

पहिल्या दिवशी मला मात्र हसू आलं होतं. पॉलिटेक्निकातून नुकताच बाहेर पडलो होतो, डोक्यात तपासणीची तऱ्हतऱ्हेची यंत्रं, आणि इथे मालक स्वतः बूड टेकवून माल तपासतोय! पण जळगावच्या एमआयडीसीत चटयांचे कारखाने पायलीला पन्नास, आणि त्या गर्दीत आमची चटई खपत होती. लग्नाच्या मांडवात, मशिदीत, गणपतीपुढे, अंगणवाडीत लोक आमच्या चटईवर बसायचे, आणि त्यांच्या आधी तिच्या जातभाईवर बाबूजी बसलेले असायचे. वर्षभरात माझं हसू जिरलं.

मला नोकरी मिळाली तीही मजेशीरच. बाबूजींचे आजोबा राजस्थानातून आले, त्यांनी दाणा बाजारात दुकान थाटलं. बाबूजी दुकानात रमले नाहीत, त्यांनी चटईचा कारखाना काढला. मुलाखतीत त्यांनी माझ्या गुणपत्रिकेकडे बघितलंसुद्धा नाही.

"भुसावळचा ना? मग फुटबॉल खेळत असशील."

रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या पोराला हे काय विचारायचं? म्हटलं, "खेळतो, बाबूजी."

"कुठे उभा राहतोस?"

"मागे, डावीकडे. लेफ्ट बॅक."

"म्हणजे गोल तू मारत नाहीस."

"नाही."

"आणि तू अडवलेला गोल कुणाच्या लक्षात राहत नाही."

"नाही राहत."

"उद्यापासून ये," ते म्हणाले. मी आलो, तो आजपर्यंत.

तेव्हा आम्ही सगळे मिळून एका टेम्पोत मावत होतो. शेजारचा प्लॉट रिकामा होता. पहिली पाळी सुटली की तिथे सहा-सहा जणांचा सामना व्हायचा, गोलाच्या जागी प्लास्टिकच्या दाण्याची रिकामी पोती. सहाच्या संघात नेता ओळखायला अक्कल लागत नाही. जो सगळीकडे असतो तो नेता. आमच्याकडे नशिराबादचा एक फिटर होता. गोलात तोच, पुढे तोच, थ्रो टाकणार तोच, भांडणारही तोच. त्याचा आवाज प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत पोचायचा आणि कुणाच्या बुटाची नाडी सुटलीय हेसुद्धा त्याला दिसायचं. बाबूजी उन्हाची छत्री उघडून कडेला उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "हा माझ्यासारखाच आहे रे. कुणावर सोडवतच नाही ह्याला." म्हणताना ते खूश होते. मीही होतो. एवढ्याशा संघात तेच बरोबर असतं. सगळ्यांनी एकाकडे बघायचं, त्यानं सगळ्यांकडे बघायचं, आणि चेंडू कुठे आहे हे आपोआप कळतं.

मग कारखाना वाढला. शेजारच्या प्लॉटवर दुसरी शेड आली आणि आमचं मैदान गेलं. पाठोपाठ धुळ्याच्या एमआयडीसीत नवा कारखाना उभा राहिला, तीन पाळ्यांचा. बाबूजींचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे भैया म्हणतो, शिकून परत आला होता आणि धंद्यात उतरला होता. मुलगा हुशार, स्वभावानं बरा. फक्त त्याला शिबिरांची भारी हौस. पुण्याला जाऊन त्यानं एक शिबिर केलं, फुटबॉलच्या संघांकडून लहान-मोठ्या कंपन्यांनी काय शिकावं ह्या विषयाचं, आणि आल्या आल्या आम्हाला ऑफिसात बसवून भिंतीवर चित्रं दाखवायला लागला. ऑफसाइड म्हणजे काय हे आदल्या दिवशी त्यानं मला फोन करून विचारलं होतं. तरी दाखवताना असा आव, की जन्म सगळा मैदानावर गेला.

चीड ह्याची आली की तो बरोबर बोलत होता.

तो म्हणाला, लहान कंपनी म्हणजे पाच-सहा जणांचा संघ. मालकच कप्तान, मालकच खेळाडू, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. मधली कंपनी म्हणजे अकरांचा संघ. मैदान मोठं, कप्तानाचा आवाज पलीकडच्या टोकाला जात नाही. मधल्या फळीनं तो पुढे न्यायचा असतो, आणि नेताना स्वतःची अक्कलही वापरायची असते. मोठी कंपनी म्हणजे बड्या लीगमधला क्लब. तिथे नेता मैदानात नसतोच. तो बाहेर, आखलेल्या चौकोनात उभा. ओरडू शकतो, हातवारे करू शकतो, चेंडूला पाय लावू शकत नाही. संघ जेवढा मोठा, तेवढा नेता चेंडूपासून लांब. आणि ज्याला हे लांब राहणं जमत नाही, तो आपल्याच संघाच्या पायात येतो.

मी भिंतीकडे बघत होतो. सहाच्या संघाचं चित्र गेलं, अकराचं आलं. पहिल्या चित्रातला कप्तान, जो गोलातही होता आणि पुढेही होता, तो दुसऱ्या चित्रात कुठे होता? त्याचं काय झालं, हे शिबिरात शिकवलं नसावं. बाबूजी पहिल्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. संपल्यावर त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "छान होतं," म्हणाले आणि शेडकडे निघून गेले, कारण तिथे निळी चटई अंथरून ठेवली होती.

धुळ्याच्या कारखान्याचा मॅनेजर म्हणून मला पाठवलं. सोबत नाना. नाना म्हणजे आमचे सगळ्यात जुने फोरमन, पारोळ्याकडच्या खेड्यातले, माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. यंत्रं नवी होती, दणदणीत होती. एका टोकाला प्लास्टिकचा दाणा वितळवून त्याची नळी ओढणारं मोठं मशीन, पलीकडे विणणाऱ्या लूमची रांग. सगळं तयार झालं, पहिली चटई उतरली, आणि नानांनी ती गुंडाळून कडेला ठेवली. आतला दाणा संपवून मशीन बंद करायला सांगितलं.

मी म्हटलं, "नाना, आता काय?"

"बाबूजी बठनात नहीत ना आजून," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले. बाबूजी अजून बसले नव्हते.

म्हणजे ती चटई जळगावला जायची. धुळ्याच्या स्टँडवरून एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवायची, पारोळा, एरंडोल करत ती जळगावला पोचायची, तिथून कुणीतरी स्टँडवरून उचलून आणायची, बाबूजी तिच्यावर बसून चहा प्यायचे, आणि मग धुळ्याला फोन यायचा. तोवर एवढा मोठा कारखाना हात जोडून बसलेला. मी कपाळाला हात लावला. पण मी काय करणार होतो? बाबूजींना हे पटत होतं, नानांना तर पटलेलंच होतं, आणि धुळ्याची नवी पोरं दोन महिन्यांत त्यात अशी मुरली की "बाबूजी बसले का?" हा तिथला परवलीचा शब्द झाला. कँटीनची आमटी चांगली झालीय का, पाऊस थांबला का, कुणाच्या लग्नाचं जमलं का, सगळ्याला तेच. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

रविवारी ह्याच पोरांना घेऊन मी फुटबॉल सुरू केला. माझा गुडघा गेलेला, म्हणून मी रेषेबाहेर. शिरपूरच्या कॉलेजातल्या मुलांशी आमचा पहिला सामना ठरला. आमची पोरं तगडी, दिवसभर गोणी उचलणारी. मी त्यांना जागा वाटून दिल्या, फळ्या समजावल्या, आणि आता हा संघ मी उभा केला म्हणून ऐटीत रेषेवर उभा राहिलो.

पाच मिनिटांत माझी ऐट उतरली. आमच्यातला ज्याच्या पायाशी चेंडू यायचा तो आधी मान वळवून माझ्याकडे बघायचा. तेवढ्यात शिरपूरचा पोरगा येऊन चेंडू घेऊन जायचा. मी ओरडलो, "इकडे काय बघता? पुढे बघा!" तर मी काय ओरडलो ते ऐकायला अकराच्या अकरा जण थांबून माझ्याकडे बघायला लागले. गोल झाला. एकजण थ्रो टाकायला रेषेवर आला, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि मला अगदी अदबीनं विचारलं, "भाऊ, टाकू का?" मी शेवटी मैदानाकडे पाठ करून उभा राहिलो. म्हटलं, आता तरी आपलं आपण खेळतील. मागे एकदम शांतता पसरली. वळून बघतो तर सगळे उभे, भाऊ रागावले म्हणून.

किती गोलांनी हरलो ते सांगत नाही. परतताना टेम्पोत मी मागे पोरांसोबत बसलो. चिडायचं कुणावर? माझ्या लक्षात आलं होतं की ह्यांना खेळता येतं, पळता येतं, पण आपल्या डोळ्यांनी बघून ठरवायची परवानगी ह्यांना आजवर कुणी दिलीच नाही. आता मी ती देतोय तर तीसुद्धा त्यांना माझ्याच तोंडून हवी. तुमचं तुम्ही ठरवा, असं ठरवून द्यायचं कसं? ह्याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही सुचलेलं नाही.

जळगावचं ऑफिस आता भैया बघत होते. त्यांनी आपल्या परीनं तोडगा काढला. मला फोन करून म्हणाले, "चटई पाठवत चला, पण थांबू नका. मशीन चालू ठेवा." मी शेडवर जाऊन तसं सांगितलं. नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मशीन बंदच ठेवलं. मी परत भैयांना कळवलं. त्यानंतर एक चमत्कार झाला. चटई धुळ्याहून निघायची आणि थोड्याच वेळात जळगावच्या ऑफिसातून फोन यायचा, "बाबूजी बसले. पास." मला वाटलं, रस्ता रुंद झालाय, गाड्या जोरात पळतात. नानांनाही तेच वाटलं. ते तर ड्रायव्हरचं कौतुक करायचे. चांगलं चाललंय तिथे खोलात कोण शिरतो? मशीन चालत होतं, ट्रक भरत होते, आणि मी देवाचे आभार मानत होतो.

मग एक दिवस दुपारी खुद्द बाबूजींचा फोन आला. ते सहसा मला थेट फोन करत नसत. शेडमध्ये लूमचा खडखडाट, म्हणून मी फोनचा स्पीकर लावला. नाना शेजारीच उभे होते.

"अरे, कालची हिरवी," बाबूजी म्हणाले. आवाज थोडा बारीक झाला होता त्यांचा. "किनार वळतेय तिची. आणि उजव्या मांडीखाली टोचतेय. मी उठलो चहा टाकून. थांबव."

माझ्यासमोर मरून रंगाची नळी निघत होती. आदल्या दिवशीही मरूनच होता, त्याच्या आदल्या दिवशीही. हिरव्या रंगाचा दाणा धुळ्यात कित्येक आठवड्यांत आला नव्हता.

रस्ता रुंद झाल्याचं कौतुक, ड्रायव्हरचं कौतुक, सगळं उलगडलं. आमच्या चटया जळगावच्या स्टँडवर कुठेतरी पडून राहत असणार. ऑफिसातून आधीच फोन होत असणार. आणि बाबूजींचं मन राखायला त्यांच्यापुढे गोदामातला हाताला लागेल तो तुकडा अंथरला जात असणार, नवा रंग असो वा नसो. रोज. ते रोज त्याच्यावर बसून, फुंकर घालून चहा पीत असणार, ह्या भरवशावर की धुळ्याचं मशीन त्यांच्या बशीकडे डोळे लावून थांबलंय.

"बाबूजी, हिरवी म्हणजे..." मी सुरुवात केली. पुढचं बोलायच्या आत खडखडाट बंद पडला. मी मागे वळलो. नाना मशीनपाशी पोचले होते आणि त्यांनी लाल बटण दाबलं होतं.

फोन ठेवून मी धावत गेलो. "नाना, अहो, हिरवी म्हणाले ते! आपला मरून चालू आहे!"

"हिरवा काय नि मरून काय, भाऊ," नाना शांतपणे म्हणाले. "बाबूजी उठनात."

आता हे कुणाला सांगू? नळी ओढणारं मशीन असं मधेच बंद केलं की आतलं प्लास्टिक थिजून बसतं. ते पुन्हा तापवायचं, आतलं जळकं ओढून काढायचं, घासायचं. सगळी पाळी त्यात गेली. पोरं काळीठिक्कर झाली, वासानं डोळे चुरचुरले. आणि कुणी कुरकूर केली नाही, ह्याचं मला जास्त वाईट वाटलं. बाबूजी उठले होते ना, मग मशीन बंद. मी त्यांना खरं काय ते सांगू शकलो असतो. पण काय सांगू? की ज्या माणसाच्या शब्दावर तुम्ही हे भाजून घेताय, त्याला तिकडे गोदामातल्या तुकड्यावर बसवून ठेवलंय? मी बाह्या सरसावल्या आणि त्यांच्यासोबत घासायला बसलो.

दुसऱ्या दिवशी भैया गाडीनं धुळ्याला आले. आधी रागावले. "तुम्ही कप्तान आहात इथले. तुमच्यासमोर मशीन बंद होतं कसं?"

मी म्हटलं, "भैया, मी कप्तान नाही. मी तो चौकोनातला माणूस. ओरडू शकतो, हातवारे करू शकतो. तुमच्याच चित्रात होता." आणि आवाज चढवून पुढे म्हणालो, "आणि त्यांना काहीतरी तुकडा अंथरता? स्वतःच्या वडिलांना?"

भैया खुर्चीत बसले. रागावलेला माणूस असा एकदम बसला की आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. म्हणाले, "मग काय करू, सांगा ना. रोज सकाळी आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून ते तयार असतात. आईसुद्धा म्हणते, जाऊ दे, बसू दे. हाताचासुद्धा आता त्यांना नीट अंदाज येत नाही, कधी बशी तिरकी होते. ह्यापेक्षा वेगळं काय करता आलं असतं मला?"

खोलीत आम्ही दोघं, एकानं फुटबॉल चित्रात बघितलेला, एकानं पायानं खेळलेला, आणि दोघांचेही हात टेकलेले.

"त्यांना आता सांगायला हवं," भैया म्हणाले. "की धुळ्याचं त्यांनी बघू नये. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात ते."

"मुलगा तुम्ही आहात."

"म्हणूनच तुम्ही सांगा," ते म्हणाले. आणि मला नाही म्हणता आलं नाही.

मी सकाळच्या एसटीनं जळगावला निघालो. नानांना एवढंच सांगितलं की बाबूजींना भेटून येतो, पिवळा रंग भरून ठेवा, फोन करतो. खिडकीतून कपाशी मागे पडत होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. बाबूजी, आता तुम्ही आराम करा. छे, हे तर म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढताना म्हणतात. बाबूजी, कारखाना मोठा झालाय. हे त्यांना मी सांगणार? मोठा केला कुणी? एरंडोल गेलं तरी एक वाक्य धड जमलं नव्हतं.

ते जुन्या शेडच्या दारात बसले होते. खाली तीच हिरवी चटई, पुन्हा अंथरलेली. चहा झालेला होता, बशी बाजूला. मला बघून खूश झाले, सरकून जागा केली. मी चपला काढून त्यांच्याशेजारी बसलो. किनार खरंच वळत होती. उजव्या मांडीखाली टोचतही होतं.

"थांबवलीस ना?" त्यांनी विचारलं.

"थांबवली, बाबूजी."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमच्या फुटबॉलात एखाद्याला बाहेर घेतात, ते त्याला सांगतं कोण?"

"सांगत नाहीत, बाबूजी. रेषेवर नंबराची पाटी वर धरतात."

"तोंडानं नाही?"

"नाही."

"बरं करतात," ते म्हणाले. "तोंडानं सांगणाऱ्याला जड जातं." मग म्हणाले, "आता तू आलाच आहेस, तर बोल. एवढ्या लांबून आलास."

मी बोललो. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. धुळ्याला चटईसाठी मशीन थांबत नाही, थांबवून चालत नाही, पोरांनी आता आपलं आपण बघायला शिकलं पाहिजे, असं काहीबाही तुटक बोलत गेलो. तुकड्यांचं बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. चटईवरून हात फिरवत ऐकत होते. माझं संपलं, तेव्हा त्यांनी मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाचं रास्त म्हणणं मान्य करावं तशी.

"मग उद्या मी उठू किती वाजता?" त्यांनी विचारलं.

ह्यात थट्टा नव्हती. त्यांना खरंच माझ्याकडून समजून घ्यायचं होतं.

"नेहमीच्याच वेळेला, बाबूजी," मी म्हटलं.

"आणि उठून?"

मी खाली बघितलं. शेडमध्ये लूम चालू होत्या, बाहेर ट्रक उभा होता, सगळ्यांना काही ना काही काम होतं. ह्या माणसानं मला एका वाक्यात नोकरीवर घेतलं होतं आणि मला त्यांच्या दोन शब्दांना उत्तर देता येईना. मला रडू येत होतं. मी ते दाबून ठेवलं, कारण ते रडत नव्हते.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. धुळ्याहून होता. मी कट करायला गेलो तर बाबूजी म्हणाले, "उचल. काम असेल." लूमच्या आवाजात ऐकू यावं म्हणून मी सवयीनं स्पीकर लावला.

"भाऊ, पिवळा उतरी गया," नानांचा आवाज आला. "बठ्ठा थांबेल शेतस. बाबूजी बठनात का?"

तिकडे सगळे थांबले होते. बाबूजींचा हात फोनकडे पुढे आला. वर्षानुवर्षांची सवय, हात आपोआपच आला. माझ्या मनगटापर्यंत येऊन तो थबकला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला.

"सांग," ते मला म्हणाले. "तुला विचारताहेत."

"चालू करा, नाना," मी म्हटलं.

"काय? ऐकाले नही उनं, भाऊ!"

मग मला तेच वाक्य बाबूजींच्या शेजारी बसून, त्यांच्या तोंडासमोर, पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणावं लागलं.